उसना बाप

फेर्मीन बेरोआ सहा फूट पाच इंच उंच होता आणि घरं रंगवायचा. छताला रंग द्यायला त्याला शिडी लागत नसे. एका लाकडी खोक्यावर उभा राहिला की झालं. नाताळ तोंडावर आला की आमच्या वस्तीत ज्याला त्याला घर रंगवून हवं असतं. बायका हटकून त्यालाच बोलवायच्या, कारण तो सांडलवंड करत नसे आणि वायफळ बोलत नसे. सान पेद्रोच्या साखर कारखान्यामागच्या त्या गल्ल्यांमध्ये त्याला नावाने हाक मारणारी एक त्याची बायको देल्सा. बाकी लहानथोर सगळे त्याला 'खांब्या' म्हणत. एवढा अगडबंब देह, पण राग म्हणून नाही. कुत्रं अंगावर आलं तर हा त्याला 'अहो' म्हणेल, अशी त्याची चेष्टा व्हायची आणि तोही हसायचा.

सतरा वर्षांचा असताना त्याला बेसबॉलवाल्यांनी नेलं होतं. समुद्रापलीकडच्या, उत्तरेतल्या एका बड्या क्लबसाठी पोरं निवडणारा पारखी आला. त्याने फेर्मीनला उन्हात उभं केलं, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मनगटं दाबून पाहिली, बुटाचा नंबर विचारला. बैलबाजारात निदान चार पावलं चालवून तरी बघतात. या गृहस्थाने पोरगा चेंडू कसा टाकतो तेवढं सोडून बाकी सगळं पाहिलं. 'अंगाने भरला की तोफ होईल तोफ,' म्हणाला आणि सही करून घेतली. दोन उन्हाळे फेर्मीन क्लबच्या अकादमीत राहिला. पोटभर जेवला, अंगाने भरलाही. पण चेंडू हातातून सुटला की कुठे जाईल ते एक देवालाच ठाऊक. तिसऱ्या वर्षी त्यांनी बसचं तिकीट हातात देऊन घरी पाठवलं. 'देवाने पिशवी मोठी दिली, सामान भरायला विसरला,' असं तो स्वतःच हसत सांगायचा.

ते हसणं खोटं नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही. तो अकादमीत होता तेव्हा चाचणीला एक बुटका पोरगा आला होता. दहातले सात चेंडू त्याने कुंपणापार मारले. 'तू वाढणार नाहीस,' म्हणून त्याला दुपारच्या जेवणाआधीच वाटेला लावलं. पोरगा फाटकातून रडत गेला, आणि त्याला मिळायला हवी होती त्या गादीवर फेर्मीन झोपला.

आणि देवाची थट्टा बघा. फेर्मीनच्या पोटी पोरगा आला तो नेमका तसा.

वांडेल त्याचं नाव. पोराने सगळं देल्साचं घेतलं. ती पाच फुटांची, आखूड हातापायांची, तुरुतुरु चालणारी, हाही तसाच. बापलेक रस्त्याने निघाले की दुकानाच्या ओट्यावर डोमिनो खेळणारे म्हातारे ओरडायचे, "खांब्या, दिवा खाली पडलाय बघ तुझा!" पण त्या पोराचे हात! जमिनीवरून उसळलेला चेंडू दगडाला लागून भलतीकडे वळला तरी याचा पंजा आधीच तिथे गेलेला असे. बॅट फिरवायचा तर ती दिसायचीच नाही, नुसता आवाज यायचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतं. सहा वर्षांचा असल्यापासून फेर्मीन त्याला मक्याच्या दाण्यांवर सराव द्यायचा. बाप दाणे फेकायचा आणि पोरगा केरसुणीच्या दांड्याने ते मारायचा. ज्याला स्वतःला एक चेंडू धड टाकता आला नाही, त्याने पोराला सगळं शिकवलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. वांडेल जन्मला तेव्हा फेर्मीन पूर्वेच्या किनाऱ्यावर हॉटेलं रंगवायला गेला होता. देल्सा एकटीच कचेरीत गेली आणि पोराला आपल्या नावावर लावून आली. वांडेल पोलांको, आई देल्सा पोलांको, बापाचा रकाना कोरा. फेर्मीन परत आला तेव्हा म्हणाला, पुढच्या महिन्यात जाऊन नाव घालतो. पुढचा महिना पंधरा वर्षं लांबला. वस्तीत अर्ध्या पोरांचे रकाने कोरे. त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाप घरात जेवतो, झोपतो, पोराला ओरडतो, मग कागद कशाला हवा? फेर्मीनलाही असंच वाटायचं.

आता चागो वस्तादाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पोरं हेरायची, तीन-चार वर्षं खाऊपिऊ घालून तयार करायची, सोळाव्या वर्षी क्लबला दाखवायची आणि करार झाला की आपला वाटा घ्यायचा, हा धंदा आहे. चागो त्यातला मुरलेला. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: पारखी पोराकडे जेवढं बघतात तेवढंच त्याच्या बापाकडे बघतात. पंधरा वर्षांचं पोरगं म्हणजे अर्धं शिजलेलं अन्न. पुढे ते किती वाढेल हे कळायचं कसं? म्हणून घरी येतात, कॉफी पितात आणि बापाला उभं करून बघतात. खाण तशी माती. बाप ताडमाड असला तर पोराच्या नावापुढचा आकडा तिथल्या तिथे फुगतो. बाप गिड्डा निघाला तर कॉफी अर्धी टाकून उठतात.

पहिल्यांदा चागो फेर्मीनकडे आला तो मिनेर्वा नावाच्या विधवेच्या पोरासाठी. हेर्सन त्याचं नाव. चांगला चेंडूफेक्या, पण उंची बेताची. बाप मासेमारी करताना बुडाला होता, आणि तो होता साडेपाच फुटांचा.

"खांब्या, तुला बोलायचं नाही काही," चागो म्हणाला. "पाहुणे आले की खुर्चीवरून उठायचं. सावकाश उठायचं, घाई नको. तुझं उठणं संपेपर्यंत त्यांची खात्री पटलेली असेल."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर 'पोरगा गुणी आहे' म्हण. कुठला बाप दुसरं काय म्हणतो?"

मिनेर्वाचं रडणं ऐकवेना म्हणून फेर्मीन गेला आणि उठून उभा राहिला. हेर्सनचा करार झाला. आज मिनेर्वाच्या घराला पक्कं छत आहे, आणि ते फेर्मीननेच फुकट रंगवलंय.

दुसऱ्यांदा मात्र सौदा झाला, आणि तो फेर्मीनने केला. हातो मायोर गावात एक कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणारा पोरगा होता, त्याचाही बाप अंगाने किरकोळ. चागोने पुन्हा साकडं घातलं. फेर्मीन म्हणाला, "येतो, पण मग माझ्या वांडेलला तुझ्याकडे घे." चागोने आजवर त्या पोराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. बुटकं पोरगं पोसायचं म्हणजे पावसात शेणी वाळत घालण्यासारखं, असं त्याचं मत. तरी हो म्हणाला. फेर्मीन हातो मायोरला गेला, एका निळ्या घरात परक्या बाईचा नवरा होऊन बसला, पारख्याला स्वतःच्या हाताने कोंबडीचा रस्साभात वाढला आणि सावकाश उठून उभा राहिला. तोही पोरगा अकादमीत गेला. आणि वांडेल चागोच्या मैदानावर.

लोकांनी नाव पाडलं, उसना बाप. "खांब्या, या आठवड्यात किती पोरं झाली?" असं दुकानदारही विचारायचा. देल्साला ते लागायचं. "आपल्या पोराच्या कागदावर नाव घालायला वेळ नाही, आणि गावभर बाप होत फिरतोस," ती म्हणायची. कुणासाठी केलं हे तिलाही माहीत होतं, म्हणून ती तेवढ्यावरच थांबायची.

चागोने वांडेलला वाढवायचा आटापिटा केला. सकाळ-संध्याकाळ आडव्या दांडीला लोंबकळायला लावलं. माशाचं तेल पाजलं, दूध पाजलं. मोजमाप असेल त्या दिवशी अंथरुणातून उठून थेट पट्टीला टेकायचं, कारण माणूस सकाळी बोटभर जास्त भरतो आणि उभं राहून राहून संध्याकाळपर्यंत दबतो. मोज्यांत पुठ्ठाही घातला. काही केल्या पोरगा पाच फूट साडेसहा इंचांच्या वर गेला नाही. पारखी येत, बघत राहत. एकाने तर वांडेलचा झेल पाहून शिट्टीच वाजवली. मग वहीत काहीतरी लिहीत आणि तेच वाक्य म्हणत, "अजून चार इंच असते ना, तर या पोराला सोन्याने मढवलं असतं." अशा वेळी वांडेल तिथेच उभा असायचा. पोराच्या तोंडासमोर त्याची उंची अशी बोलायचे, जसं काही तो बाजारातलं केळं आहे. त्याला सोळा पुरी व्हायला तीन महिने उरले होते. सोळाव्याला कुणी घेतलं नाही तर पुढे कुणी विचारत नाही. सतरा म्हणजे शिळं, अठरा म्हणजे टाकलेलं.

तेव्हा ब्रितो नावाचा पारखी आला. पन्नाशीचा, शांत माणूस. बाकीचे तासाभरात जात. हा तीन दिवस येत राहिला. तिसऱ्या दिवशी चागोला म्हणाला, "उद्या सकाळी पोराच्या घरी कॉफी प्यायला येतो. पोरगा मला आवडलाय. पण वर क्लबवाल्यांना काय सांगू? आईबाप बघू दे."

चागो धावत फेर्मीनकडे आला. "उद्या तू घरी थांबू नकोस."

"का? आता तर खराच बाप हवाय ना!"

"अरे, हा ब्रितो आधी दुसऱ्या क्लबात होता. हातो मायोरला हाच आलेला. त्याला तुझा चेहरा आठवला तर सगळ्यांचं वाटोळं होईल. बाप किनाऱ्यावर कामाला आहे, उंच आहे, असं मी सांगतो."

फेर्मीनने मान हलवली. पण पहाटेपासून त्याला चैन पडेना. दोन परक्या पोरांसाठी आपण उभे राहिलो, आणि खऱ्या पोराच्या वेळेला गल्लीत लपून बसायचं? त्या भल्या माणसाला वाटलं, आज खोटं काही बोलायचंच नाहीये, मग भीती कसली? खऱ्याला मरण नाही म्हणतात. कामावरून अर्ध्यात निघाला, नळाखाली हातावरचा रंग घासला, धुतलेला शर्ट चढवला आणि मागच्या दाराने घरात आला.

बाहेरच्या खोलीत ब्रितो कॉफी पीत होता. देल्साने कुस्करलेली केळी आणि तळलेलं चीज पुढे ठेवलं होतं. वांडेल खुर्चीच्या कडेवर बसला होता. चागो दारात उभा होता. फेर्मीनला बघून चागोचं तोंड उतरलं.

"माझा बाप," वांडेल म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की देल्सा वळून त्याच्याकडे बघायला लागली. "पापा, हे ब्रितो साहेब."

ब्रितो उठला. हात पुढे केला. फेर्मीनचा पंजा हातात घेतला आणि सोडला नाही. बराच वेळ त्याच्याकडे मान वर करून बघत राहिला.

"आपण भेटलोय," तो म्हणाला. "हातो मायोर. निळं घर. तुम्ही मला रस्साभात वाढलात. चांगला झाला होता."

चागोने भिंतीकडे तोंड केलं.

ब्रितो पुन्हा बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. "हे बघा," तो म्हणाला, "मी या धंद्यात जन्म घालवलाय. यात दोनच गोष्टी असू शकतात. एक म्हणजे तुम्ही या पोराचे बाप. मग हातो मायोरच्या पोराचे नव्हतात. ते मला वर कळवावं लागेल. चौकशीवाले येतील. त्या पोराचा करार रद्द होईल, तुम्ही आणखी कुठे कुठे उभे राहिलात तेही निघेल. या पोराचीही चौकशी लागेल, रक्त तपासतील, हाडं तपासतील. वर्ष जाईल. सतराला टेकलेल्या साडेपाच फुटांच्या पोराला कोण घेतं, ते तुम्हाला माहीत आहे."

"आणि दुसरी?" देल्साने विचारलं.

"दुसरी म्हणजे तुम्ही हातो मायोरच्या पोराचे बाप. इथे या चागोने तुम्हाला मला फसवायला आणलंय. मग मी चागोला चार शिव्या देईन आणि विषय संपेल. पोराचे कागद मी पाहिलेत. त्यात एकटी आईच आहे. मी लिहीन, बाप नाही, उंची आहे एवढीच राहणार. मग जे मिळेल ते थोडं मिळेल. पण मिळेल." त्याने कप उचलला. "माझी कॉफी संपेपर्यंत विचार करा."

फेर्मीनने पोराकडे पाहिलं. वांडेल त्याच्याकडेच बघत होता. पोराला अजून काही भीती वाटत नव्हती. बाप आता काहीतरी सांगेल आणि हा गोंधळ मिटेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. फेर्मीनला हेर्सन आठवला, मिनेर्वाचं छत आठवलं, हातो मायोरच्या त्या बाईने निघताना धरलेले हात आठवले. पण खरं सांगायचं तर ती सगळी माणसं त्याने बाजूला केली असती. आपल्या पोरापुढे परक्याची पोरं कोण? त्याला हलवलं ते एकाच गोष्टीने. तो बुटका पोरगा फाटकातून रडत जाताना दिसला, आणि या खेपेस त्याला वांडेलचं तोंड होतं.

ब्रितोने रिकामा कप खाली ठेवला.

"मी हातो मायोरच्या पोराचा बाप आहे," फेर्मीन म्हणाला. "हे घर माझं नाही. वस्तादाने बोलावलं म्हणून आलो. चुकलं माझं, साहेब."

"पापा?" वांडेल म्हणाला.

"पोराला असं म्हणायला शिकवलंय," फेर्मीन ब्रितोला म्हणाला. "त्याचा दोष नाही." मग देल्साकडे वळला आणि पाहुण्याने घ्यावा तसा निरोप घेतला. "येतो बाई. तुम्हाला त्रास झाला."

"या," देल्सा म्हणाली. एवढंच. अठरा वर्षांच्या संसारात ती त्याला पहिल्यांदाच अहोजाहो बोलत होती. तिने पदरी असलेलं सगळं बळ त्या एका शब्दात घातलं होतं, नाहीतर ती तिथेच कोसळली असती.

फेर्मीन पुढच्या दाराने बाहेर पडला. स्वतःच्या घरातून हाकलून दिलेल्या माणसाने जायचं कुठे? तो दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हाताऱ्यांनी डोमिनो थांबवला. "काय रे, आज कुणाचा बाप झालास?" एकाने विचारलं. फेर्मीनने वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघून म्हाताऱ्याने पुढची थट्टा गिळली. ब्रितोची गाडी जाईपर्यंत सगळे तसेच बसून राहिले.

घरी परतला तेव्हा वांडेल अंगणात उभा होता.

"दोन पोरांना बाप नव्हता, त्यांचा झालास," पोरगा म्हणाला. "मला होता, तर उठून गेलास."

"पोरा, ऐक..."

"मला कळतंय रे सगळं! मी काय लहान आहे? मला कळतंय." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. फेर्मीनने हात पुढे केला, तो त्याने झटकला.

ब्रितोने शब्द पाळला. वांडेलचा करार झाला. चागो सांगायचा की असले हात असलेल्या उंच पोराला याच्या दहापट मिळालं असतं, आणि सांगताना हळहळायचा. पण तोही जाणून होता की हेही मिळालं नसतं. सह्या झाल्या त्या दिवशी फेर्मीन शेजारच्या गावात शाळेची भिंत रंगवत होता. देल्सा एकटी गेली.

करार मंजूर होण्याआधी रिवाजाप्रमाणे चौकशीवाला वस्तीत आला. दारोदार फिरला. ज्या वस्तीत कुणाच्या घरी काय शिजलं हे दुपारच्या आत चार गल्ल्यांना कळतं, त्या वस्तीत त्या दिवशी वांडेलच्या बापाबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "बापाचं काय घेऊन बसलात? आई कष्टाळू आहे, ते लिहा." डोमिनोवाले म्हातारे म्हणाले, आम्हाला कमी ऐकू येतं. मिनेर्वाने त्याला लिंबाचं सरबत पाजलं आणि काही सांगितलं नाही. शेवटी तो माणूस भिंत रंगवणाऱ्या फेर्मीनपाशी आला.

"देल्सा पोलांकोच्या पोराचा बाप कोण, माहीत आहे?"

"नाही साहेब," फेर्मीन म्हणाला. ब्रश थांबला नाही. तो माणूस गेल्यावर त्याने पाहिलं तर खिडकीची अर्धी काच रंगवून झाली होती.

वांडेल अकादमीत राहायला गेला. फोन करायचा तो आईला. "फेर्मीन इथेच आहे, देऊ?" असं देल्सा विचारायची, आणि पलीकडून 'घाईत आहे' असं यायचं. असं एक वर्ष गेलं. या वर्षाबद्दल फेर्मीन कधी कुणाशी बोलला नाही, आणि आमच्यातल्या कुणी त्याला विचारलंही नाही. उसना बाप म्हणणं लोकांनी सोडून दिलं होतं.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, पोरगा वाढायला लागला. देल्सा सांगायची, पॅन्टा तोकड्या झाल्या म्हणतोय. नंतर सांगायची, बूट बदलले म्हणतोय. दीड वर्षात वांडेल पाच इंच वाढला. अकादमीतले लोक चक्रावले. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी, काही पोरं उशिरा वाढतात, घराण्यात असेल. घराण्यात असेल! हे ऐकून फेर्मीन परसात जाऊन एकटाच उभा राहिला. आयुष्यात इतका आनंद आणि इतका संताप त्याला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

एका रविवारी देल्सा त्याला म्हणाली, "आज तू चल."

"तो म्हणाला का?"

"तो काही म्हणाला नाही. मी म्हणतेय."

अकादमीच्या फाटकावर एक जाडा रखवालदार वही घेऊन बसला होता. घरची माणसं ओळीत उभी होती. आत पोरं आपापल्या माणसांची वाट बघत थांबली होती, आणि त्यांत वांडेल होता. फेर्मीनने त्याला आधी ओळखलंच नाही. पोक काढून, एका पायावर भार टाकून उभा. आपण असेच उभे राहतो, हे फेर्मीनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"नाव? नातं?" रखवालदाराने विचारलं.

"देल्सा पोलांको. आई."

"तुम्ही?"

"फेर्मीन बेरोआ." तो थांबला. "शेजारी."

रखवालदाराने लिहायला पेन टेकवलं आणि वर पाहिलं. फेर्मीनकडे पाहिलं. मग फाटकाशी आलेल्या वांडेलकडे पाहिलं. पुन्हा फेर्मीनकडे पाहिलं. "शेजारी?" तो म्हणाला. "अहो, थट्टा करता की काय? हा पोरगा तुमच्याच साच्यातून काढलाय."

मागे दोन प्रशिक्षक गप्पा मारत उभे होते. त्यांनी माना वळवल्या. देल्साने फेर्मीनचा शर्ट मुठीत धरला. एका क्षणासाठी, एकाच, फेर्मीनला वाटलं की पोराने आता खरं बोलावं, सगळ्यांसमोर बोलावं, मग काय व्हायचं ते होवो. आणि त्याच क्षणी त्याने देवाजवळ मागितलं की पोराने तसं काही करू नये.

वांडेल पुढे आला. वहीवर वाकला.

"शेजारीच आहेत," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने. "मला मक्याच्या दाण्यांवर यांनी शिकवलं. असा शेजारी कुणाला मिळत नाही. लिही तू, शेजारी."

रखवालदाराने खांदे उडवले आणि लिहिलं. प्रशिक्षक पुन्हा आपल्या गप्पांकडे वळले. वांडेलने आईला मिठी मारली. मग फेर्मीनसमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. त्याच्या पंज्याने बापाचा पंजा आता पुरता भरत होता. दोघांचे डोळे भरले होते आणि दोघांनाही ते पुसायची सोय नव्हती.

"फार वाढलास," फेर्मीन म्हणाला.

"अजून वाढतोय, काका," वांडेल म्हणाला, आणि त्याने हात सोडला नाही.